पहार हातात देऊन गप्प बसणारा खेळ

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या नेट कॅफेत ज्यांनी तासाच्या हिशेबानं ‘सीएस’ म्हणजे काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ खेळलाय, ते सगळे हाफ-लाइफ या संगणक-खेळाच्या घरात मागच्या दारानं जाऊन आलेत. बहुतेकांना त्या घराचं नावच माहीत नसतं. डेस्कटॉपवरच्या काउंटर-स्ट्राइक १.६ च्या चित्रावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि टार्गेटची ओळ वाचा. तिथं काउंटर-स्ट्राइक नावाचा प्रोग्रॅम नसतो. असतं ‘एचएल डॉट ईएक्सई’ आणि त्याच्यापुढं ‘डॅश गेम सीस्ट्राइक’. एचएल म्हणजे हाफ-लाइफ. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये या खेळावर आपलं कलम बांधलं आणि ते इतकं फोफावलं की खालचं मूळ झाड कुणाला दिसेनासं झालं. ‘मांगे शे रे भो, मांगे शे!’ असा गिल्ला ज्या खोलीत चालायचा, तिथल्या प्रत्येक मशीनमध्ये ते मूळ झाड होतं.

त्या ओळीतलं ‘डॅश गेम सीस्ट्राइक’ खोडलं तर हाफ-लाइफ सुरू व्हायला हवा. कॅफेतल्या बऱ्याच कॉपींमध्ये मात्र तसं होत नाही. मेनू येतो, ‘न्यू गेम’ दाबलं की गाडी अडते, कारण जागा वाचवायला एकट्यानं खेळायचे नकाशे (खेळातल्या जागांच्या फाइली) काढून टाकलेले असतात. कथेचा पहिला नकाशा ‘सी०ए०’. ही फाइल ‘व्हॉल्व्ह’ फोल्डरच्या ‘मॅप्स’मध्ये नसेल तर गोष्टीची सुरुवातच नाही. ही एक फाइल नसल्यामुळं खान्देशातली एक अख्खी पिढी या खेळाच्या अंगणात खेळली आणि उंबरठा न ओलांडताच घरी गेली. याची मनापासून हळहळ वाटते. कारण इंग्रजी जेमतेम येणाऱ्या, मराठी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पोरांना शेवटपर्यंत नेऊ शकेल असा कथेचा खेळ शोधायचा तर हाच आधी हाताला लागतो. हा खेळ शिकवतो, पण सांगत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही कंपनी काढली, क्वेक खेळाचं इंजिन (खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम) परवान्यानं घेतलं आणि त्याचा बराचसा भाग नव्यानं लिहिला. खेळ १९९७ च्या शेवटी यायचा होता. तयार झालेलं खेळून पाहिल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की यात मजा नाही. मग जवळपास सगळं मोडून पुन्हा बांधलं. केन बर्डवेल या तिथल्या प्रोग्रॅमरनं नंतर लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या कामांची माणसं एकत्र बसवून त्यांनी एक गट केला आणि तो गट आठवड्यातले चार दिवस, दिवसाचे सहा तास, सलग पाच महिने बसला. मग बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळायला दिलं. ज्यानं तो भाग बनवला तो शेजारी बसायचा, पण त्याला तोंड उघडायची मुभा नव्हती. खेळणारा अडला तरी गप्प, भलत्या दाराला धडका देत राहिला तरी गप्प, नुसतं टिपून घ्यायचं. दोन तासांच्या एका बैठकीतून शंभरेक दुरुस्त्या निघत, आणि अशा बैठका दोनशेच्या वर झाल्या. खेळणारा चुकला की चूक जागेची मानायची आणि जागा बदलायची, असा तो रिवाज. नोव्हेंबर १९९८ मध्ये जे बाहेर आलं त्यात न बोलण्याची ही शिस्त भिंतीभिंतीत मुरलेली आहे.

सुरुवात एका ट्रामनं होते. गॉर्डन फ्रीमन, वय २७, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखालच्या ब्लॅक मेसा प्रयोगशाळेत कामावर निघालाय. पाचेक मिनिटं ट्राम चालते. त्या काळच्या इतर खेळांत अशा वेळी चित्रफीत लावून तुमचे हात बांधून ठेवत. इथं डब्यात फिरता येतं, मागच्या खिडकीशी जाता येतं, हवं ते बघता येतं. पुढं संपूर्ण खेळात गॉर्डन एक शब्द बोलत नाही आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांतून कधी बाहेर येत नाही. कामगारांच्या जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे. वापरायची कळ ‘ई’ तिथं दाबत राहिलं की आतलं जेवण फुटतं. कुठलीही पाटी न लावता ‘ई’ शिकवून झाली. मग प्रयोग फसतो, दुसऱ्या मितीतले प्राणी येऊन पडतात, आणि परतीच्या वाटेवर एका काचेच्या बंद दाराजवळ पहार पडलेली असते. विहिरीच्या कामावर, कुंपणाचे खड्डे खणताना वापरतात ती पहार आपल्याकडं पुरुषभर उंच. ही हातभराची, खिळे उपटायची. पण आहे पहारच. वापर काय, हे कुणी सांगत नाही. समोर काच आहे.

१९९८ च्या या पहिल्या भागातलं सर्वांत मोलाचं प्रकरण ‘ब्लास्ट पिट’. रॉकेटचं इंजिन तपासायची एक खोल गोल विहीर, आणि तिच्यात तीन अजस्र सोंडा, टोकाला चोची. त्या आंधळ्या आहेत आणि आवाजावर मारतात. कळतं कसं? आत शिरताच तुमच्यासमोर काच फोडून एका माणसाला ओढून नेतात. मग तुम्ही धावता, चोच बरोबर पायाशी आदळते. शिफ्ट दाबून हळू चाललात तर ती घुटमळते. ग्रेनेड विहिरीच्या पलीकडच्या कडेला फेकला की तिन्ही सोंडा तिकडं वळतात, आणि तेवढ्या वेळात अलीकडची शिडी उतरता येते. खाली तीन कामं करायची: इंधन सुरू, ऑक्सिजन सुरू, जनरेटर सुरू. तिन्ही झाल्यावर वर नियंत्रण खोलीत येऊन बटण दाबायचं, म्हणजे इंजिन पेटतं आणि सोंडा जळतात. बरेच जण दोन कामं करून वर येतात, बटण दाबतात, काहीच होत नाही, आणि खेळ बिघडलाय म्हणून सोडून देतात. बटणाजवळचे दिवे बघा. कुठला लागलेला नाही ते कळलं की काय राहिलंय ते कळलं. शेतातली मोटर सुरू होत नसली की आधी स्टार्टरच्या पेटीवरचे दिवे बघणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सैनिकांची हुशारी हा अजून एक चमत्कार, आणि तो कसा केलाय हे समजलं की जास्तच आवडतो. ते आडोसा घेतात, वायरलेसवर एकमेकांना हाका मारतात, तुम्ही लपून बसलात की ग्रेनेड टाकून बाहेर काढतात. आतली युक्ती साधी आहे. एका तुकडीला गोळ्या झाडायच्या दोनच जागा दिलेल्या असतात. दोघं झाडत असले की तिसऱ्याला जागा नसते, म्हणून तो दुसरीकडं सरकतो. आपल्याला वाटतं तो वळसा घालून मागून येतोय, आणि बऱ्याचदा तो खरंच मागून निघतो. म्हणून एका खोक्याआड मुक्काम करू नये. एकाला टिपलं की त्याची जागा तिसरा घेतो. त्या मधल्या क्षणी आपली जागा बदलावी. हाफ-लाइफ अवघड वाटणारे बहुतेक जण इथं एकाच जागी उभे राहून मरत असतात. औषधाच्या पेटीनं जिवाचे १५ गुण भरतात, गॉर्डनच्या संरक्षक सूटच्या बॅटरीनंही सूटचे १५, आणि दोन्हींची कमाल १००. सूट भरलेला असला की गोळीचा बराचसा भार तो झेलतो, तेव्हा भिंतीवरचं चार्जर दिसलं की आधी तिथं उभं राहायचं.

उडीचं मात्र सांगूनच टाकायला हवं, कारण तिच्यापायी बरेच लोक खेळ सोडतात. साधी उडी खेळाच्या मापात ४५ एकक उंच जाते. स्पेस दाबून हवेत असतानाच कंट्रोल दाबला तर पाय पोटाशी घेतले जातात आणि ६३ एककांपर्यंत चढता येतं. खोकी आणि हवेच्या झरोक्यांची तोंडं याच हिशेबानं ठेवलेली आहेत. आधी वाकून मग उडी मारायची सवय लागली तर ती मोडायला वेळ लागतो. ही उडी शिकवायला वेगळा सराव-वर्ग आहे, आणि तिथं एक पारदर्शक बाई (होलोग्राम) इंग्रजीत सूचना देत राहते. पहिल्या भागात खेळ थेट सांगायला बसतो तो तिथं. तो वर्ग खेळातला सर्वांत रटाळ तुकडा आहे, हा योगायोग नाही.

दोष आणखीही आहेत. ‘ऑन अ रेल’ प्रकरणात रुळांवरची गाडी चालवत बोगद्यांतून जायचं असतं आणि बाणाच्या पाटीवर नेम धरून सांधा बदलायचा असतो. भुसावळच्या माणसाला सांधा म्हणजे काय ते सांगायला नको. पण ते बोगदे इतके एकसारखे आहेत की तोही फसेल. शेवटचं ‘झेन’ हे परकं जग तर तरंगत्या खडकांवरून उड्या मारण्यातच जातं. गप्प राहून शिकवण्याची कला तिथं विरून गेलेली दिसते. चाहत्यांनी मिळून केलेल्या ‘ब्लॅक मेसा’ या पुनर्निर्मितीत दोन्ही दुखण्यांवर उपाय झाला. २०१२ मध्ये ती फुकट आली तेव्हा ‘ऑन अ रेल’ छोटं झालं होतं, आणि मार्च २०२० मध्ये पूर्ण झाली तेव्हा झेन नव्यानं उभं राहिलं होतं. वर्षानुवर्षं खपून केलेलं हे काम मूळ झेनच्या कितीतरी पुढचं आहे.

हाफ-लाइफ २ नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि सुरू झाला रेल्वे स्टेशनावर. सिटी १७, पूर्व युरोपच्या वळणाचं शहर. त्याचं रूप बल्गेरियात जन्मलेल्या व्हिक्टर अँतोनोव्ह या कला-दिग्दर्शकाचं. गाडीतून उतरलेली दमलेली माणसं, जाळीपलीकडची रांग, मोठ्या पडद्यावर कुणा साहेबाचं भाषण. जंक्शनच्या गावात वाढलेल्याला ही हवा ओळखीची वाटते, आणि म्हणूनच त्यातली दडपणूक लवकर अंगावर येते. जिन्याशी एक शिपाई उभा असतो. तो दंडुक्यानं एक रिकामा डबा खाली पाडतो आणि उचल म्हणतो. शब्द कळले नाहीत तरी बोट कळतं, दंडुका कळतो, बाजूची कचऱ्याची पेटी दिसते. ‘ई’नं डबा उचलून पेटीत टाकला की तो वाट देतो. त्याच्याच अंगावर फेकला तर दंडुका घेऊन मागं लागतो. वस्तू उचलणं आणि फेकणं इथं शिकवून झालं. त्याच्याच जोडीला या शहरात राज्य कुणाचं आणि कसं, हेही कळलं. पाठ आणि गोष्ट एकाच डब्यात बसवलीय. एवढी काटकसर दुसऱ्या कुठल्या खेळात सहसा आढळत नाही.

हाच हात रेव्हनहोम या झोंबींनी भरलेल्या गावापर्यंत पुढं चालतो. त्याच्या आधी तुम्हाला गुरुत्व-बंदूक मिळते: उजव्या कळीनं वस्तू ओढून घ्यायची, डाव्या कळीनं भिरकावायची. एली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेच्या भंगाराच्या अंगणात ‘डॉग’ नावाचा यंत्रमानव तुमच्याशी चेंडू खेळतो, तो सराव. रेव्हनहोममध्ये शिरल्यावर भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं दिसतं आणि त्याच्यापाशी कमरेतून कापलेला झोंबी. पुढच्या दाराच्या वाटेत तसंच पातं आडवं रुतलेलं. ते उपटल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून तुम्ही ते बंदुकीनं ओढून घेता. आत पाऊल टाकता तोच समोरून झोंबी येतो. पातं तुमच्या हातात, झोंबी त्याच रेषेत. बोट आपोआप डाव्या कळीवर जातं. शिक्षकानं आधी नमुना दाखवला, मग साधन हातात दिलं, मग प्रश्न टाकला, आणि उत्तर आपणच शोधलं असं तुम्हाला वाटू दिलं.

तिथं दोन गोष्टी जीव वाचवतात. पन्हळीचा पाइप खडखडला की पळणारा झोंबी वर चढतोय. बंदुकीत काहीतरी जड धरून त्या पाइपाच्या वरच्या टोकाशी थांबावं. आणि काळा विषारी खेकडा चावला की गुण थेट १ वर येतात. भरून येतात, कारण सूट उतारा टोचत राहतो, पण त्याला वेळ लागतो. त्या वेळात साध्या झोंबीचा एक फटका पुरतो. म्हणून काळा खेकडा दिसला की आधी तोच मारायचा, बाकीचे मागाहून.

‘सँडट्रॅप्स’ प्रकरण तर आपल्या पोरांना जन्मतः येतं, कारण ते ‘डोंगर का पाणी’ आहे. वाळूत पाय पडला की जमिनीतून मुंगळ्यासारखे प्राणी उसळतात. खडकावर असाल तर काही नाही. सुरुवातीला एक माणूस खडकावरून हात वर करून ओरडतो, दुसरा जखमी होऊन वाळूत पडलेला असतो. पुढं काय करायचं ते अंगणात खेळलेल्याला कळतं. खडकाखडकामधली अंतरं मोठी झाली की गुरुत्व-बंदुकीनं फळ्या, पत्रे, पॅलेट उचलून पुढं टाकायचे, त्यांच्यावरून चालायचं, मागचं उचलून पुन्हा पुढं. घाई केली तर फळी वाळूत कलंडते आणि पाय घसरतो. दोन फळ्या पुरतात. एक पायाखाली, एक हातात.

इंग्रजी न आल्यानं काहीच बुडत नाही, असं मात्र नाही. पडद्यावरच्या त्या साहेबाची, डॉक्टर ब्रीनची, भाषणं गोड आणि विषारी आहेत; ती कळली तर सिटी १७ दुप्पट भीतिदायक होतं. अ‍ॅलिक्स ही गॉर्डनची साथीदार आणि तिचे वडील एली यांच्या बोलण्यात जो जिव्हाळा आहे तोही शब्दांत आहे. मराठी उपशीर्षकं नाहीत. इंग्रजी उपशीर्षकं ऑडिओच्या सेटिंगमध्ये सुरू करावीत आणि एखादं वाक्य निसटलं तरी थांबू नये. चेहरे खूप सांगतात, कारण ते पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञानं केलेल्या चेहऱ्याच्या स्नायूंच्या वर्गीकरणावर बेतलेले आहेत.

मशीनचं म्हणाल तर या मालिकेइतकी गरिबाची मालिका दुसरी नाही. दुसऱ्या भागाची मूळ किमान गरज १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. आजच्या कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतानाही, तो चालतो. अडचण येते ती मे महिन्यात. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की खोलीतली हवाच मशीन नीट गार करू शकत नाही. त्यात जुना खेळ मोकळा सोडला तर सेकंदाला चित्राच्या शेकडो चौकटी काढत बसतो आणि कार्ड फुकट तापतं. कन्सोल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून ‘एफपीएस अंडरस्कोअर मॅक्स ६०’ द्यावं. डोळ्याला फरक पडत नाही, पंख्याचा आवाज लगेच उतरतो. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नये. ओलसर हवा आणि कापसाची तूस मिळून हीटसिंकवर (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) नमद्यासारखा थर बसतो आणि मग हवा आत जातच नाही. उन्हाळ्याआधी एकदा तो ब्रशनं काढावा, आणि काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं.

लाइटीचा भरवसा नसल्यानं सेव्हची सवय वेगळी लागते. झटपट सेव्हची कळ एफ ६. पहिल्या भागात परत येण्यासाठी एफ ७, दुसऱ्यात एफ ९. झटपट सेव्ह लिहिलं जात असतानाच नेमकी वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून दर मोठ्या टप्प्यावर मेनूतून वेगळं सेव्ह करावं. नेट कमी असेल तर स्टीममध्ये (व्हॉल्व्हच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात) एकदा ऑनलाइन लॉगिन करून, खेळ एकदा चालवून, मग ऑफलाइन मोडला टाकावं. खेळाचा बॅकअप स्टीममधूनच पेनड्राइव्हवर घेता येतो, म्हणजे चोपडा किंवा शिरपूरच्या मित्राला तेवढा डेटा पुन्हा उतरवावा लागत नाही. त्याच्या खात्यावर खेळ घेतलेला असला म्हणजे झालं.

मालिकेचा पसारा मोठा आहे, पण सगळा सारख्या मोलाचा नाही. गिअरबॉक्सनं केलेले ‘ऑपोझिंग फोर्स’ आणि ‘ब्लू शिफ्ट’ एका सुट्टीत होतात. पहिला घ्यावा, दुसरा राहिला तरी चालेल. त्याच विश्वातला २००७ चा ‘पोर्टल’ ही गप्प शिकवणुकीची पुढची इयत्ता. ‘लॉस्ट कोस्ट’ हा छोटा तुकडा मुद्दाम खेळावा, कारण त्यात बनवणाऱ्यांची टिपणं जागोजागी ऐकता येतात. हाफ-लाइफ २ ची गोष्ट पुढं नेणारा ‘एपिसोड टू’ २००७ मध्ये अशा जागी थांबला की चाहते आजही त्या क्षणाबद्दल बोलताना हळवे होतात. पुढं काय झालं असतं याचा आराखडा लेखक मार्क लेडलॉ यांनी २०१७ मध्ये नावं बदलून आपल्या संकेतस्थळावर टाकला. २०२० चा ‘अ‍ॅलिक्स’ व्हीआर हेडसेटशिवाय (डोळ्यांवर बांधायच्या पडद्याशिवाय) चालत नाही, १२ जीबी रॅम मागतो, म्हणून तो इथं फार थोड्यांच्या वाट्याला आलाय.

खान्देशातल्या खेळणाऱ्यानं हाफ-लाइफ २ मध्ये एका ठिकाणी आवर्जून थांबावं. ‘हायवे १७’ प्रकरणात किनाऱ्याच्या रस्त्यानं बग्गी चालवायची असते आणि सगळे घाईत असतात. बग्गी थांबवा, ‘ई’नं उतरा, कडेला जा. पाणी खूप लांब, खूप खाली गेलंय. बोटींचे धक्के लाकडी खांबांवर उंच हवेत उभे आहेत, बोटी वाळूत कुशीवर पडल्यात. समुद्र कुणी आटवला, कसा, यावर त्या रस्त्यावर कुणी एक वाक्य बोलत नाही. गिरणेचं कोरडं पात्र पुलावरून पाहिलेल्या माणसाला ते वाक्य लागतही नाही. त्या खांबांखाली जाऊन वर बघा. पूर्वी जिथं बोट बांधायचे ती जागा डोक्याच्या कितीतरी वर आहे.